कार्ड घेऊन निघा, पुडा उलटून बघा

दसरा झाला की बीड, धारूर, वडवणी, पाटोदा, आष्टी, शिरूर कासारच्या वाड्यावस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर भरायला लागतात. भांडी, गोधड्या, कोयते, एखादी शेळी, कोपीच्या चटया, बाजरीचं पोतं आणि पोरं. पुढचे पाच-सहा महिने सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, नाहीतर सीमेपलीकडे बेळगाव-अथणीकडे. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परत येणं नाही. हे लिहिलंय ते या गाड्यांत बसणाऱ्यांसाठी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरातल्या शिकत्या पोरानं मोठ्यानं वाचून दाखवावं. वीटभट्टीवर किंवा शहरात बांधकामावर जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू आहे.

दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. तुमच्या हक्काचं धान्य गावात सोडून जाऊ नका, ते तुमच्या मागं येऊ शकतं. आणि तळाजवळच्या दुकानातून जो पुडा घ्याल तो पैसे देण्याआधी उलटा करून बघा. या दोन गोष्टी वेगळ्या वाटतात, पण एकीतून दुसरी निघते. धान्य मागं राहिलं की त्याची जागा पुडा घेतो.

कसं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गावाहून नेलेल्या पोत्यातली बाजरी संक्रांतीच्या आसपास तळाला जाते. मग आठवड्याच्या खर्चीतून किराणा. खर्ची कमी पडली की उधारी, आणि ती उधारी शेवटी उचलीच्याच हिशोबात वळती होते. जे गहू-तांदूळ गावात फुकट मिळाले असते तेच इथं विकत घ्यावे लागतात, आणि तेल, मिरची, चहा, साखर एवढ्यातच नोटा संपतात. डाळ मागं पडते, भाजी त्याच्याही मागं. पहाटे तीनला उठून भाकरी थापून फडात गेलेल्या बाईला दुपारी पुन्हा चूल पेटवायला सवड नसते. पोर रडायला लागतं, आणि पाच रुपयांचा पुडा त्याला गप्प करतो. यात कुणाची अक्कल काढायचं कारण नाही. चौदा तास मोळ्या बांधणाऱ्या माणसाला समोरची सोपी वस्तू उचलावीशी वाटणारच.

पण पोट भरलं म्हणजे भूक भागली असं नाही. नुसता भात, चहा-बिस्किट आणि ठेचा यांवर सहा महिने काढलेलं अंग परतताना काय दिसतं ते आपण बघतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या शंभरांतल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांत हे प्रमाण शंभरांत जवळजवळ ६९ होतं. हा आकडा अख्ख्या राज्याचा आहे, त्यात बंगल्यातल्या बायकाही आल्या. कोपीतल्या बाईचं काय असेल याचा अंदाज तुमचा तुम्ही करा.

आधी रेशनचं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदयच्या कार्डाला ३५ किलो धान्य मिळतं. २०२३ पासून ते फुकट आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षं फुकटच राहणार आहे. पाच माणसांचं घर धरलं तर महिन्याला २५ किलो, सहा महिन्यांच्या हंगामात दीड क्विंटल. एवढं धान्य आपण दरवर्षी गावात टाकून जातो. कुणी भावकीतल्या माणसाकडं कार्ड ठेवतं, कुणी दुकानदाराकडंच ठेवतं, कुणाचं पेटीत पडून राहतं. मागच्या महिन्याचं पुढं मिळेल या भरवशावर तर मुळीच राहू नका.

‘एक देश, एक रेशन कार्ड’ ही व्यवस्था २०१९ साली सुरू झाली, आणि पहिल्या जोड्यांत महाराष्ट्र-गुजरात ही जोडी होती. २०२२ च्या मध्यापर्यंत ती देशभर लागू झाली. तुमचं कार्ड धारूरचं असलं तरी वाळव्याच्या, माळशिरसच्या किंवा अथणीच्या रेशन दुकानात तुमचं धान्य तुम्हाला मिळायला हवं. नाव तिकडं हलवायची, इथलं कार्ड रद्द करायची, नवा दाखला काढायची काहीही गरज नाही. कार्डाचा नंबर किंवा आधार सांगायचा, यंत्रावर अंगठा द्यायचा, झालं.

यातली सर्वात कामाची गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. सगळं धान्य एकाच ठिकाणी उचलावं लागत नाही. म्हातारा-म्हातारी आणि शाळेतलं एक पोर गावी राहिलं, नवरा-बायको आणि धाकटं कोपीत आलं, तर गावच्यांच्या वाट्याचं गावात आणि तुमच्या वाट्याचं इकडं, असं वाटून घेता येतं. तिकडं उचललं म्हणून गावातल्या म्हाताऱ्यांचं बंद होईल ही भीती मनातून काढून टाका. फक्त सुरुवातीलाच सगळंच्या सगळं एकानं उचलू नये, एवढं घरात ठरवून घ्या.

अडचणी येतात, त्याही सांगतो. दुकानदार म्हणतो, बाहेरच्यांचा कोटा नाही. हे उत्तर चुकीचं आहे, पण त्याच्याशी भांडत बसून एक दिवसाची मजुरी घालवू नका. महिन्याच्या सुरुवातीलाच जा, तेव्हा माल असतो. तरी नाहीच दिलं तर त्याच्यासमोरच १४४४५ ला फोन लावा, ही बाहेरगावी गेलेल्या कार्डधारकांसाठीचीच सोय आहे. १९६७ हा रेशनच्या तक्रारीचा नंबर. तालुक्याला तहसील कार्यालयात पुरवठा शाखा असते, तिथंही तक्रार देता येते. टोळीतल्या दहा-बारा जणांनी मिळून गेलं की काम लवकर होतं, हा तर सरळ व्यवहार आहे.

दुसरी अडचण अंगठ्याची. ऊस तोडून, पाचट ओढून बोटांची कातडी झिजते, यंत्र ओळखत नाही. कार्डावर नाव असलेल्या कुणाचाही अंगठा चालतो, म्हणून दोघं-तिघं जा. अंगठा लागला नाही एवढ्याच कारणावरून हक्काच्या माणसाला धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारचे आदेश आहेत, ते ठणकावून सांगा. तिसरी अडचण ई-केवायसीची. कार्डावरच्या प्रत्येकाची ती झालेली हवी, नाहीतर त्या नावावरचं धान्य थांबू शकतं. निघण्याआधी गावातच हे उरकणं सोपं.

केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांचं जरा वेगळं आहे. बीड धरून मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत २०२३ पासून त्यांना धान्याऐवजी खात्यावर पैसे देण्याची योजना आहे. त्यांनी परगावच्या दुकानात रांग लावण्यापेक्षा खात्यावर पैसे येतात का ते बघावं.

रेशनच्या तांदळाबद्दल एक अफवा हंगामात हमखास फिरते. काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात, आणि प्लास्टिकचा तांदूळ आला अशी बोंब उठते. ते प्लास्टिक नसतं. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व घालून दाण्याच्या आकाराचे केलेले ते कण असतात, आणि शंभर भाग तांदळात एक भाग या प्रमाणात मिसळलेले असतात. अशा पोत्यावर इंग्रजी ‘एफ’ आणि अधिकचं चिन्ह असतं. ज्या बायकांच्या अंगात रक्त नाही त्यांच्यासाठीच घातलेला दाणा निवडून कोंबडीला टाकायचा, याला काय म्हणावं? घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून खा.

आता पुड्याकडं वळू. पुड्याची पुढची बाजू कंपनी आपल्या मनानं रंगवते. तिथं हसरं पोर असतं, दुधाची धार असते, गव्हाची कणसं असतात, ताकद आणि ऊर्जा असते. मागच्या बाजूला कायद्यानं जे लिहायला लावलं तेवढंच असतं, तेही बारीक अक्षरात आणि बहुतेक वेळा इंग्रजीत. कायदा म्हणतो इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी, दोन्हींपैकी एक पुरे. मराठीची सक्ती नाही, कानडीचीही नाही. मला हे पटत नाही. कोट्यवधी मराठी माणसांना पुडे विकायचे आणि आत काय आहे ते त्यांच्या भाषेत सांगायचं नाही, हा कंपन्यांचा फायद्याचा आळस आहे. पण तो बदलेपर्यंत आपल्याला थांबून चालणार नाही. पाचवीतल्या पोराला इंग्रजी मुळाक्षरं येतात, तेवढ्यावर काम भागतं.

सर्वांत आधी तारीख. ‘ई, एक्स, पी’ ही तीन अक्षरं शोधा, किंवा ‘यूज बाय’. त्यापुढं दिवस, महिना, वर्ष असं लिहिलेलं असतं. ती तारीख उलटलेला माल विकणं गुन्हा आहे. ‘बेस्ट बिफोर’ लिहिलं असेल तर अर्थ थोडा सौम्य आहे. त्या तारखेपर्यंत चव आणि करकरीतपणा टिकेल अशी ती हमी असते. चुकून चार दिवस उलटलेलं बिस्किट खाल्लं म्हणून घाबरून दवाखाना गाठायची गरज नाही, पण त्यासाठी पूर्ण पैसे मोजायचीही गरज नाही. बाळाचं खाणं, दुधाचे पदार्थ यांत मात्र एक दिवसही इकडंतिकडं चालवू नका. कधीकधी तारीख सरळ नसते, ‘बनवल्यापासून सहा महिने’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा बोटांवर महिने मोजावे लागतात. तारीख खोडलेली, पुसलेली किंवा वरून दुसरी चिकटवलेली दिसली तर पुडा तसाच परत ठेवा. रस्त्याच्या कडेच्या, फक्त हंगामात उघडणाऱ्या दुकानांत हे जास्त बघायला हवं, कारण तिथलं गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात असेलच असं नसतं.

मग वजन आणि भाव. मला विचाराल तर इथंच आपण सर्वात जास्त फसतो. पाच रुपयांचा पुडा पाचच रुपयांचा राहतो, आतलं वजन वर्षागणिक उतरत जातं. पुड्यावर वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. समजा कुरकुरीत नळ्यांच्या पुड्यावर १५ ग्रॅम लिहिलंय. पाच रुपयांना १५ ग्रॅम म्हणजे किलोला ३३३ रुपये. एवढ्या भावाची वस्तू आपण किलोनं कधी विकत घेतली असती का? आता बऱ्याच पुड्यांवर एका ग्रॅमचा भावही छापलेला असतो, त्याला हजारानं गुणलं की किलोचा भाव निघतो. पोराला हा हिशोब करायला लावा, त्याचं गणितही होईल. उलट शेंगदाण्याचा किलोचा भाव दीडशे धरला तरी पाच रुपयांत ३३ ग्रॅम येतात, आणि त्यांत आठेक ग्रॅम प्रथिनं असतात. त्या पुड्यात जेमतेम एक. गुळाचा खडा आणि मूठभर भाजके शेंगदाणे हा खाऊ आपल्या आज्यांचाच आहे, नवीन काही नाही. फक्त तीन-चार वर्षांखालच्या लेकराला अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात, कूट करून द्या.

छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त मागता येत नाही. त्या किमतीत सगळे कर आलेले असतात. गार केलं म्हणून दोन रुपये जास्त, लांबून आणलं म्हणून एक रुपया जास्त, हे चालत नाही. उधारीवर घेताना तर दोनदा बघा, कारण वहीत काय मांडलं ते महिन्यानं कळतं. रोज रात्री पोराला एका वहीत लिहायला सांगा, काय घेतलं, केवढ्याचं.

यानंतर घटक. ‘इन्ग्रेडियंट्स’ या शब्दापुढं जी यादी असते तिचा एक नियम आहे. जे वजनानं जास्त ते आधी, जे कमी ते नंतर. म्हणजे पहिली तीन नावं वाचली तरी पुड्याची जात कळते. पुढं गव्हाची कणसं काढलेली असतात आणि मागं पहिलं नाव ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ असतं. तो मैदा. दुसरं बहुधा ‘शुगर’, तिसरं ‘पाम ऑइल’. मैदा, साखर आणि पामतेल, म्हणजे आपण बहुतेक वेळा हे तीनच जिन्नस वेगवेगळ्या आकारात विकत घेत असतो. साखर कधी दुसऱ्या नावानंही येते, ‘लिक्विड ग्लुकोज’, ‘डेक्स्ट्रोज’, ‘इन्व्हर्ट सिरप’. यादीत आकडे दिसतात त्यांनी मात्र उगाच भिऊ नका. ३३० म्हणजे लिंबूसत्व, ५०० मध्ये खायचा सोडा येतो. मोबाइलवर येणारे भयानक निरोप अशा आकड्यांवरच पोट भरतात. त्यापेक्षा साखरेच्या आकड्यावर लक्ष ठेवा.

तो आकडा पोषणाच्या तक्त्यात असतो, १०० ग्रॅमला किती असा. चार ग्रॅम साखर म्हणजे चहाचा एक चमचा. साध्या ग्लुकोज बिस्किटात १०० ग्रॅमला साधारण २५ ग्रॅम साखर सापडते, म्हणजे सहा चमचे, पाव भाग. बिस्किट विष नाही. दुपारी फडात भुकेल्या पोराला दोन बिस्किटं दिली तर काही बिघडत नाही. बिघडतं ते सकाळच्या भाकरीच्या जागी रोज चहा-बिस्किट आलं की. बाजरीच्या भाकरीत लोह आहे, डाळीच्या पाण्यात नव्हे तर डाळीत प्रथिनं आहेत, आणि जेवणाला चिकटून घेतलेला चहा ते लोह अंगी लागू देत नाही. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, कुणी ऐकणारही नाही. जेवणानंतर तासभर तरी जाऊ द्या. जेवताना लिंबू पिळा.

पुढच्या बाजूच्या मोठ्या शब्दांना कायद्यात फारसा आधार नसतो. डब्यातून येणारी, दुधात घालायची चॉकलेटी पावडर घ्या. ‘हेल्थ ड्रिंक’ असा प्रकारच अन्नसुरक्षेच्या कायद्यात नाही, म्हणून २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं ऑनलाइन दुकानांना अशी पेयं त्या नावाखाली विकू नका असं सांगितलं. त्याच वर्षी जूनमध्ये रसाच्या डब्यांवरून ‘१०० टक्के फळांचा रस’ हे शब्द काढायला लावले. पुढारलेल्या शहरी आयाही यात फसल्या, तेव्हा तुम्ही एकट्याच फसलात असं समजू नका.

एक चिन्ह विशेष सांगायला हवं. हिरवा ठिपका शाकाहाराचा आणि तपकिरी त्रिकोण मांसाहाराचा, हे बहुतेकांना माहीत असतं. पण काळ्या चौकटीत काळी फुली असेल तर ती वस्तू खाण्यासाठी नाही. दिव्याचं तेल, पूजेचं तूप यांवर ती असते. ही तेलं-तुपं स्वस्त असतात, शेल्फवर खायच्या तेलाच्या शेजारीच असतात, बाटलीही तशीच दिसते. स्वस्त दिसलं म्हणून घेऊन फोडणीला घालू नका. खाण्याच्या प्रत्येक पुड्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना नंबर असतो. तो नसेल तर ती वस्तू कुणी, कुठं, कशात बनवली याला वालीच नाही. मीठ घेताना आयोडिनचं आहे का बघा.

आता लेकरांच्या आजाराचं, आणि इथं कृपा करून नीट लक्ष द्या. विहिरीचं, पाटाचं पाणी पिऊन कोपीतल्या पोरांना जुलाब होतात. औषधाच्या दुकानात गेलं की रंगीत खोकं हातात मिळतं, सफरचंदाच्या नाहीतर संत्र्याच्या चवीचं, आणि त्यावर कित्येक वर्षं मोठ्या अक्षरांत ‘ओआरएस’ असायचं. आत खऱ्या ओआरएसपेक्षा कितीतरी जास्त साखर. जास्त साखरेनं जुलाब थांबण्याऐवजी वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी यावर वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि शेवटी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली. शब्द गेला तरी खोकी दुकानात राहतात, वेगळ्या नावानं, तशाच चित्रांसह.

खरं ओआरएस पावडरीच्या पुडीत येतं. मोठी पुडी २०.५ ग्रॅमची, एक लिटर पाण्यात सगळी एकदम विरघळवायची. त्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम असतं आणि बाकीचे क्षार. मागं जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख सापडतो. ही पुडी आशाताईकडं आणि आरोग्य उपकेंद्रात फुकट मिळते, सोबत झिंकच्या गोळ्याही, त्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पुऱ्या द्यायच्या. तळावर पोचल्या पोचल्या त्या गावची आशाताई कोण, तिचं घर कुठं, एवढं विचारून ठेवा. चार पुड्या कोपीत असू द्या. रात्री काहीच हाताशी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडता कामा नये. पोर निपचित पडलं, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली तर मुकादमाला विचारत बसू नका, गाडी करा.

तान्ह्या बाळाला पहिले सहा महिने आईचंच दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, हे आशाताई सांगतेच. अडचण अशी की आई फडात असते आणि बाळ कोपीत सात-आठ वर्षांच्या बहिणीकडं. मग दुधाची पावडर, नाहीतर चहात बुडवलेलं बिस्किट. बाळाच्या दूधपावडरीबद्दल १९९२ चा कायदा फार कडक आहे. तिची जाहिरात करता येत नाही, डब्यावर बाळाचं चित्र छापता येत नाही, आणि आईचं दूधच सर्वांत चांगलं असं डब्यावर लिहावंच लागतं. चहासाठीची पावडर म्हणजे डेअरी व्हाइटनर ही तर बाळाची वस्तूच नव्हे, तिच्या पुड्यावर घटकांत साखर शोधा, बहुधा सापडेल. टोळीत तान्ह्या बाळाची आई असेल तर तिला दुपारी एकदा कोपीवर जाऊ द्यायचं, एवढं टोळीनं आपसांत ठरवता येतं. सहा महिन्यांनंतर वरणभात कुस्करून, तेलाचा थेंब घालून.

लहान लेकरं आणि गरोदर बायकांसाठी त्या गावच्या अंगणवाडीत जा. नाव घालायला तिथलं रहिवासी असावं लागत नाही. शाळेत जाणारं पोर सोबत आलं असेल तर गावच्या मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घेऊन निघा. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसलं की दुपारचं शिजवलेलं जेवण मिळतं. त्याहून बरं म्हणजे गावात हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर ते पोर आजीपाशी ठेवा.

थोडं बाकीच्यांनाही. साखरपट्ट्यातल्या दुकानदारांनो, या लोकांची रोख आणि उधारी तुम्हाला सहा महिने पोसते. मुदत सरलेला माल वेगळा काढा आणि शेंगदाणे, फुटाणे, गूळ पाच-दहा रुपयांच्या पुड्या बांधून समोर ठेवा, तोही विकला जाईल. गुरुजींनो, बाईंनो, इंग्रजीच्या तासाला एकदा रिकामे पुडे गोळा करून वाचायला लावा, पाठ्यपुस्तकातल्या बाहुलीपेक्षा ती इंग्रजी पोरांना जास्त उपयोगी पडेल. मुकादमांनो, टोळी आजारी पडली की टनेज बुडतं, हे तुम्हाला सांगायला नको. महिन्यातून एक सकाळ रेशनसाठी सुट्टी द्या. आणि कारखान्यांच्या शेतकी खात्याला एवढंच, तळ कुठं पडलेत याची यादी तुमच्याकडं असतेच, ती तहसीलदार आणि आरोग्य केंद्राला हंगामाच्या पहिल्या आठवड्यात पोचती करा.

जास्त पैसे घेतले, वजनात मारलं तर ग्राहकांसाठी १९१५ हा नंबर आहे. मुदत सरलेल्या किंवा भेसळीच्या मालासाठी १८००-११२-१००. पुडा आणि पावती जपून ठेवा, नसेल पावती तर पुड्याचा दोन्ही बाजूंनी फोटो. हे नंबर आणि वरचे रेशनचे दोन नंबर पोराकडून कोपीच्या आतल्या बाजूला, मोबाइल चार्ज करता त्या जागी, मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.

कार्डावरच्या कुणाची ई-केवायसी राहिली आहे हे गावातला रेशन दुकानदार यंत्रावर पाहून लगेच सांगू शकतो. गाडी लागायच्या आधीच्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांना घेऊन एकदा त्याच्याकडं जाऊन या, आणि येताना कार्ड त्याच्याकडं ठेवू नका.